ठासणीची लष्करी रायफल : सुरुवात कुठून करायची? (खानदेशातल्या नेमबाजांसाठी धागा)

गिरणाकाठ
राम राम मंडळी. दहा मीटर एअर रायफल बरीच झाली, आता ठासणीच्या लष्करी रायफलींकडे वळायचं आहे. इंग्रजी एन्फिल्ड १८५३, अमेरिकन स्प्रिंगफील्ड १८६१ अशा घाटाच्या. प्रश्न असे :
१. पहिली रायफल कोणती घ्यावी?
२. दारू किती, कोणत्या दाण्याची?
३. गोळ्या विकत घ्यायच्या की ओतायच्या?
४. पारोळ्याकडच्या एका मित्राच्या वाड्यात माळ्यावर जुनी बंदूक निघाली आहे. घोड्याशेजारी (चाप ओढला की आपटतो तो भाग) मुकुट आणि ‘टॉवर’ अशी अक्षरं आहेत. ती वापरात आणता येईल का?

---

नाना_थाळनेर
चौथ्यापासून सुरू करतो, कारण त्यातच माणसं अडकतात.

ठासणीची आहे, जुनी आहे, म्हणून परवाना नको ही समजूत खेडोपाडी पक्की बसली आहे. ती चूक आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट फक्त अशा जुन्या शस्त्राला आहे जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही. नळी शाबूत असेल आणि निपल (ठिणगीची टोपी बसवायची पोकळ खुंटी) बदलून बार उडू शकत असेल, तर ती कायद्याने बंदूकच. माळ्यावरच्या बंदुकीचा परवाना कोणाच्या नावावर होता ते आधी शोधा. परवानाधारक वारला असेल तर वारसाने कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग स्वतःच्या नावावर अर्ज करायचा. आधी वकिलाशी बोला, ठाण्यात कळवा. गोणपाटात गुंडाळून एसटीने धुळ्याला नेण्याचा शहाणपणा नको.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात (आधी तीन होत्या) आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर हा धागा इथेच संपला.

शिवाय १०० वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती पुरावस्तू. परदेशातल्या गिऱ्हाइकाला विकायचं डोक्यातून काढा.

आणि तिला हात लावण्याआधी हे करा : ती भरलेली आहे असंच समजा. दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. तोंड मोकळ्या दिशेला ठेवून लाकडी काठी नळीत हलकेच तळापर्यंत सोडा, ठोकू नका. नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं टोक निपलाच्या जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. तीन-चार सेंटीमीटर किंवा जास्त अलीकडे थांबलं तर आत बार आहे. मग काम तुमचं नाही, बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकाचं. ती भरलेली आहे हे पोलिसांनाही सांगा, तेही माणसंच आहेत.

---

सातपुडा५७७
नानांनी कागदाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो.

‘टॉवर’ दिसलं की लोक एन्फिल्ड रायफल म्हणतात. आपल्याकडे निघालेल्या बऱ्याच तशा नसतात. १८५७ च्या उठावाचं एक निमित्त याच रायफलीची चरबी लावलेली कागदी काडतुसं होती. पुढच्या वर्षी, १८५८ मध्ये, आपल्या सातपुड्यात खाज्या नाईकांच्या भिल्लांशी अंबापाणीला इंग्रजांची लढाई झाली. या सगळ्यानंतर सरकारने देशी पलटणींच्या हाती पेचदार नळी द्यायचं टाळलं. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड, पण आतून गुळगुळीत, ०.६५६ इंच (१६.७ मिमी) नळीची बंदूक काढली आणि ती दिली. मागची साईटही साधी, पुढेमागे न होणारी. तेव्हा नळीच्या तोंडात टॉर्च मारून बघा. तीन (किंवा पाच) खाचा दिसल्या तर रायफल. आत काचेसारखं गुळगुळीत असेल तर ती नळी मिनिए गोळीची (मागून पोकळ, बार उडाला की फुगणारी) नाही, .५७७ इंची गोळीचा साचा तिच्यासाठी घेऊ नका.

जुनी असली तर माझं मत स्पष्ट आहे : भिंतीवर ठेवा. नळीचा मागचा पेच आतून किती गंजला आहे ते बाहेरून दिसत नाही.

नवी प्रतिकृती घ्यायची तर :

तीन पट्ट्यांची एन्फिल्ड (१८५३; पट्ट्या म्हणजे नळी दस्त्याला बांधणारी धातूची कडी) : नळी ३९ इंच, एकूण ५५ इंच, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. ३ खाचा, ७८ इंचांत एक पेच (खाचांचा एक पूर्ण वळसा).
दोन पट्ट्यांची (१८५८, नौदलाची) : नळी ३३ इंच, ५ खाचा, ४८ इंचांत एक पेच.
स्प्रिंगफील्ड १८६१ : .५८, नळी ४० इंच, ३ खाचा, ७२ इंचांत एक पेच.

इटालियन प्रतिकृतींच्या नळीवर ‘पीएन’ अशी चाचणीची खूण असते. तिचा अर्थ फक्त काळी दारू. बिनधुराची आधुनिक दारू यात चिमूटभरही गेली तर नळी फुटते. प्रदर्शनासाठी बनवलेल्या, रंजकाचं (ठिणगी आत नेणारं) छिद्रच न पाडलेल्या बंदुकाही बाजारात फिरतात. ‘छिद्र पाडून देतो’ असं कोणी म्हणालं तर उठून निघून या. त्या नळीची दाबचाचणी झालेलीच नसते.

आयातीची परवानगी ठरावीक दर्जाच्या नेमबाजांनाच मिळते, तेव्हा बहुतेकांना देशातच एखाद्या परवानाधारकाकडून हस्तांतर करून घ्यावं लागेल. पर्याय मोजकेच असतात. जी मिळेल तिची नळी मोजून घ्या, नाव नंतर बघा.

---

लळिंगकर
नवशिक्याला तीन पट्ट्यांची नको. ५५ इंचांची रायफल उभं राहून भरताना नळीचं तोंड हनुवटीपाशी येतं, बुटक्या माणसाचे हाल होतात. दोन पट्ट्यांची पेच घट्ट असल्यामुळे कमी दारूतही नेम देते. माझं मत दोन पट्ट्यांना.

---

सातपुडा५७७
@लळिंगकर भाऊ, नेमाचं मान्य. पण लांब नळीत दोन साईटमधलं अंतर जास्त आणि पुढचं वजन हात स्थिर ठेवतं. उभं राहून ५० मीटर मारायचे असतील तर तीन पट्ट्यांची, लोळून १०० मीटर मारायचे तर दोन पट्ट्यांची. भरताना उंचीचा त्रास होत असेल तर दस्त्याची टाच डाव्या पावलापासून थोडी पुढे टेकवून रायफल तिरकी धरा. तोंड चेहऱ्यापासून लांब जातं, आणि ते तसं असायलाच हवं.

---

वांगं_भरीत
एक बाळबोध प्रश्न. लग्नाच्या वरातीतले बार, फटाके, त्यातली दारू चालेल का? किंवा घरी करता येते म्हणतात...

---

नाना_थाळनेर
नाही आणि नाही. फटाक्याच्या दारूत काय मिसळलंय कोणालाच माहीत नसतं, दाणे नसतात, दाब किती येईल सांगता येत नाही. घरी करणं हा गुन्हा आहे आणि त्यात हात गेलेले लोक तालुक्यातालुक्यात सापडतील. या धाग्यावर तो विषय बंद. दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर लिहिलेल्या प्रमाणात.

---

सातपुडा५७७
आता दारूची मापं. एन्फिल्डचा लष्करी बार सुमारे ६८ ग्रेनचा (४.४ ग्रॅम) होता, गोळी ५३० ग्रेनची (३४ ग्रॅम). तो बार सहाशे-आठशे यार्डांवरच्या रांगांवर मारायला होता, कागदावरच्या काळ्या ठिपक्यासाठी नव्हे. निशाणाला ४० ते ५० ग्रेन पुरतात, खांदाही वाचतो. दाणा दोन एफचा (एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक). तीन एफ दाब पटकन चढवतो, तो या नळ्यांसाठी नको.

पद्धत : ५० मीटरवर, वाळूच्या पोत्यावर टेकवून. ४० ग्रेनपासून सुरू करा, अडीच-अडीच ग्रेनने वाढवत ५५ पर्यंत जा. प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या, प्रत्येकी वेगळा कागद. गट आवळत जातो आणि एका मापानंतर परत पसरतो. पसरायला लागला की गोळीचा पातळ घेर (मागची पोकळ कड) दाबाने फाकतोय असं समजा. मातीच्या बांधातून गोळी उकरून बघा : घेर फुलासारखा उमललेला असेल तर दारू जास्त. खाचांचे ठसेच उमटले नसतील तर गोळी बारीक किंवा शिसं कडक.

मैदानावर दारूचा डबा किंवा शिंग न्यायचंच नाही. घरून प्रत्येक बार मोजून झाकणाच्या बारक्या प्लॅस्टिक नळ्यांत भरून आणा. ठासणीच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एमएलएआयसीच्या स्पर्धांत तसाच नियम आहे. कारण सरळ आहे. मागच्या बाराची ठिणगी नळीत राहिली आणि वरून डबा ओतला, तर हातात बाँब. बारक्या नळीत फक्त एक बार पेटेल.

---

तापीकाठची_ताई
गोळ्यांबद्दल. विकत मिळाल्या तरी तुमच्या नळीला बसतीलच असं नाही, म्हणून ओतायला शिका.

मिनिए गोळी मागून पोकळ असते. नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून गजाने सहज खाली जाते. बार उडाला की पोकळीत वायू शिरून घेर फुगतो आणि खाचांत बसतो. हे व्हायला शिसं मऊच लागतं. अंगठ्याच्या नखाने ओरखडा उठला तर चालेल. भंगारात चाकाला लावायची वजनं मिळतात, ती अँटिमनीमुळे कडक असतात, घेर फुगत नाही. बॅटरीतलं शिसं तर घरात आणूच नका, ते वितळवताना विषारी वायू सुटतात. जुन्या शिशाच्या पाण्याच्या नळ्या, छपराचे पत्रे चांगले.

शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं. ओतायला ३८० ते ४२० अंश ठेवा. पोकळ घेराच्या गोळीला साचाही गरम लागतो. पहिल्या दहा-बारा गोळ्या सुरकुतलेल्या येणार, त्या परत भांड्यात. सुरकुत्या म्हणजे साचा थंड. पृष्ठभाग साखर भुरभुरल्यासारखा खरबरीत म्हणजे फार गरम. घेराची कड एका बाजूला अपुरी असेल तर ती गोळी हमखास भरकटते. नाकावरचा डाग एक वेळ चालेल, घेरावरचा नाही.

वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला की क्षणात वाफ होऊन शिसं उसळतं. आपल्याकडे मे महिन्यात कपाळावरचा घाम हाच तो थेंब. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्या, बंद बूट. उघड्यावर ओता, चुलीचं भांडं वापरू नका, लहान मुलं लांब, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याच्या माठालाही शिवू नका.

थंड झाल्यावर प्रत्येक गोळी तोला. ५०० ग्रेनच्या पुढच्या गोळीला वरखाली एक-दीड ग्रेन चालतो. जास्त हलकी निघाली तर आत हवेची पोकळी आहे.

---

गिरणाकाठ
ताई, नळीपेक्षा ‘किंचित’ बारीक म्हणजे किती?

---

तापीकाठची_ताई
०.०२५ ते ०.०५ मिमी. इंचांत एक ते दोन हजारांश. या सगळ्या छंदात हाच आकडा सगळ्यात मोलाचा. .५७७ असं छापलेल्या नळ्या प्रत्यक्षात .५७५ पासून .५८२ पर्यंत निघतात. व्हर्निअर नळीच्या तोंडात घालून मोजू नका, ते चुकतं. लेथवाल्याकडे मापाच्या पिना असतात, त्या एकेक घालून बघा. न अडकता जाणारी सगळ्यात जाड पीन म्हणजे तुमची नळी. त्यातून एक हजारांश वजा करा, तेवढी गोळी. साचा त्याहून थोडा मोठा घ्यायचा आणि ओतलेली गोळी मापाच्या डायमधून (नेमक्या भोकाच्या पोलादी साच्यातून) दाबून काढायची.

---

लळिंगकर
वंगणाबद्दल कोणी बोललं नाही आणि खानदेशात खरी मारामारी तिथेच आहे. पुस्तकी कृती थंड मुलखातल्या आहेत. मेण आणि चरबी निम्मी-निम्मी केली तर जळगाव-भुसावळच्या ४४-४५ अंशांत गोळीवरचं वंगण डब्यात वितळून खाली साचतं. तसा बार भरला तर वंगण दारूत झिरपतं आणि फुसका बार होतो. खोबरेल तर २४-२५ अंशांनाच पातळ.

उन्हाळ्यात मधमाशीचं मेण ३ भाग, बोकडाची चरबी १ भाग. चरबी नको असेल तर मेण ३ भाग, एरंडेल १ भाग. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, म्हणून पाण्यावर ठेवलेल्या भांड्यातच वितळवा, सरळ आचेवर पेट घेतं. गोळी नाक वर धरून खाचांपर्यंत बुडवायची. पोकळीत वंगण भरायची गरज नाही. मोटारीचं ग्रीस, इंजिन ऑइल लावू नका, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं. हिवाळ्यात मेण कमी करा, नाहीतर वंगण नळीला चिकटतच नाही.

दुसरी गोष्ट, काजळी. कोरड्या उष्ण हवेत ती विटेसारखी कडक होते. पावसाळ्यात जी रायफल वीस बार न पुसता खाते, तीच मेमध्ये पाचव्या गोळीला अडते. अडली तर गज हातोडीने ठोकू नका. उन्हाळ्यात दर तीन बारांनी ओलसर (ओली नव्हे) चिंधी एकदा, कोरडी एकदा. आणि सकाळी सातला सुरू करून दहाला आवरा.

---

सातपुडा५७७
भरण्याचा क्रम, जसाच्या तसा :

सुरुवातीला रिकाम्या नळीत दोन टोप्या उडवा. तोंड गवताच्या पात्यापाशी धरा. पातं हललं तर वाट मोकळी, तेलही जळालं. मग घोडा अर्ध्यावर. मोजलेली दारू ओता, चेहरा बाजूला. नळीवर तळव्याने दोन थापा. गोळी घेर खाली करून तोंडात सरळ बसवा. गज मुठीत नाही, बोटांच्या चिमटीत धरा, आणि एका दमात गोळी दारूवर टेकेपर्यंत न्या. टेकली की थांबा. ठासणीची म्हणतात म्हणून ठासत बसू नका. दाणे चिरडले की दर बाराला दाब वेगळा.

गजावर दोन खुणा हव्यात : रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. भरलेली खूण तोंडाच्या वर राहिली तर गोळी मध्येच अडकलीय किंवा दुहेरी बार भरलाय. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी ठेवून बार उडवला की नळीला कड्यासारखा फुगा येतो, कधी फुटतेही.

टोपी सगळ्यात शेवटी, तोंड निशाणाकडे असताना, अंगठ्याने दाबून. घोड्याने दाबून बसवू नका. टोपीचे तुकडे उजवीकडे उडतात, म्हणून शेजाऱ्यालाही चष्मा.

बार उठला नाही तर पूर्ण एक मिनिट निशाणावरच धरून ठेवा. मग नवी टोपी. तीही नुसती फुटली तर निपल सुईने मोकळं करा. तरीही नाही, तर निपल काढून चिमूटभर दारू मागून सारा, निपल बसवा, गोळी तळाशी आहे ना ते गजाने तपासा, आणि उडवा. नुसती गोळी भरली, दारू विसरली, हे प्रत्येकाच्या हातून होतं. त्यालाही हाच उपाय.

निपलाची दुखणी ओळखा. पहिल्या ठोक्याला टोपी फुटत नाही, दुसऱ्याला फुटते : शंकू जाड आहे, टोपी वरच अडकते, पहिला ठोका तिला बसवण्यातच जातो. बारागणिक घोडा मागे अर्ध्यावर फेकला जातो : छिद्र मोठं झालंय. नव्या निपलाचं छिद्र ०.७ ते ०.८ मिमी असतं. एक मिमी झालं की बदला.

---

वांगं_भरीत
एकच नंबर शे भाऊ! चकमकीच्या बंदुकीला तापीतली गारगोटी चालेल का, एवढं सांगा.

---

सातपुडा५७७
ठिणगी पडते, पण धार टिकत नाही आणि पोलादी पत्रा खरवडून निघतो. शिकायला चालेल. जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरा, आणि फोडताना चष्मा घाला. बाकी चकमकीसाठी वेगळा धागा काढा.

---

नाना_थाळनेर
साईटबद्दल दोन ओळी. या रायफलींची सगळ्यात खालची साईट १०० यार्डांची, तीही पूर्ण बारासाठी. म्हणून ५० मीटरवर गोळी बहुतेक वर लागते. पुढची साईट उंच केली की गोळी खाली येते, घासून कमी केली की वर जाते. उलटं समजून कानस लावणारे खूप. आधी उंच पातं बसवा, बार पक्का झाल्यावरच घासा.

स्पर्धेत ३० मिनिटांत १३ गोळ्या, त्यांतल्या चांगल्या १० मोजतात. घाई नको, पण दोन बारांमध्ये गप्पाही नकोत.

आणि रानडुकरासाठी, केळीच्या राखणीसाठी म्हणून हा धागा वाचणाऱ्यांनी वन्यजीव कायदा १९७२ आधी वाचावा. परवान्यावर ‘नेमबाजी’ असेल तर ती फक्त मैदानावर.

---

लळिंगकर
साफसफाई त्याच दिवशी. पावसाळ्यात तर संध्याकाळ होऊ देऊ नका, काजळीतले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि रात्रीत गंज धरतो. निपल काढा, त्यावर साबणाचं गरम पाणी. निपलाच्या जागी रबरी नळी बसवून तिचं टोक बादलीत सोडा, मग चिंधी लावलेला गज पंपासारखा खालीवर. पाणी स्वच्छ येईतो. साध्या गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी. ती तपकिरी आली तर पुन्हा धुवा. दर वेळी पट्ट्या काढून नळी दस्त्यातून उचलू नका, लाकूड सैल पडतं.

दस्त्याला जवसाचं तेल, अगदी पातळ. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, उन्हाळ्यात आपोआप पेटतात. दोरीवर मोकळ्या वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

---

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. मित्राने वकील गाठला आहे. माळ्यावरची नळी आतून गुळगुळीतच निघाली, पिनेने १६.६ मिमी. काठी तळापर्यंत गेली, रिकामी आहे.

नव्या रायफलीसाठी एक दोन पट्ट्यांची बघितली. पीन १४.७२ ची गेली, १४.७४ ची नाही. विकणारा सोबत १४.६० चा साचा देतोय. घेऊ?

---

तापीकाठची_ताई
रायफल घ्या, साचा नको. १४.७२ च्या नळीला १४.६९ ची गोळी हवी. १४.६० ची नऊ शतांश बारीक पडते, घेर फुगेपर्यंत वायू बाजूने निसटेल आणि गोळी आडवी होऊन कागदावर चावीच्या भोकासारखं भोक पाडेल. शिवाय तोंड खाली झालं तर ती आपोआप पुढे घसरते, म्हणजे सातपुडा५७७ नी सांगितलेली पोकळी. १४.७५ च्या आसपासचा साचा आणि १४.६९ ची डाय. डाय चाळीसगाव-जळगावचा कुठलाही चांगला टर्नर करून देईल. त्याला १४.६९ ची पीन नमुन्याला द्या आणि आतून पॉलिश करून मागा.

---

गिरणाकाठ
ताई, मऊ शिसं डायमधून काढताना घेर चेपणार नाही का?

---

तापीकाठची_ताई
नाक पुढे घालून ढकलली तर चेपतो. घेर पुढे ठेवा, आणि नाकाच्या आकाराची खोलगट टोपी असलेल्या दांड्याने ढकला. आधी वंगणाचा हात लावा.